लाल वहीची पाळी

तळोदा, ९ एप्रिल १९३८

मला तीन पत्रे लिहायची आहेत आणि ती लिहिता येत नाहीत, म्हणून ही रोजनिशी सुरू केली. दुसरे कारण नाही. पन्नाशीला आलेल्या मुख्याध्यापिकेला मनातले कागदावर सांडण्याची हौस नसते.

गोष्ट अशी. रमिला यंदा मराठी सातवीच्या परीक्षेला बसली आहे. गेली सहा वर्षे ती माझ्या घरी राहून शिकते. तिचे गाव सातपुड्यात, येथून वर चार कोस. तीन वर्षांपूर्वी तिची भावजय बाळंतपणात गेली. खाटेवर घालून खाली आणेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून रमिलाला सुईणीचे शिक्षण घ्यायचे आहे. पुण्याच्या एका इस्पितळात ते दीड वर्षात मिळते, मराठीतून मिळते, राहणे-जेवण तेथेच. मी नियमपत्रक मागवले. सगळे जमते, सातवे कलम सोडून. बाहेरगावच्या मुलीसाठी पुण्यातल्या कोणी प्रतिष्ठित गृहस्थाने अथवा बाईने पालक म्हणून सही करावी आणि सुटीत, दुखण्याखुपण्यात तिला आपल्या घरी ठेवून घ्यावे. अर्ज ३१ मेच्या आत पोहोचला पाहिजे.

पुण्यात मला ओळखणारे एकच माणूस आहे. रूथ साळवे. तिच्याशी मी नऊ वर्षांत एक अक्षर बोललेले नाही.

आम्ही चौघी एका वर्गात होतो. रूथ, कृष्णी, सुंदरा आणि मी. दीडशे मुलगे आणि आमचे एक बाक. प्रोफेसर आत शिरले की त्यांच्या मागून आत जायचे, तास संपला की त्यांच्या मागून बाहेर यायचे. बाकी वेळ एका खोलीत आणि एका स्टोव्हवर गेला. १९१२ साली निघताना रूथने लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही विकत घेतली. जिच्याकडे वही येईल तिने आपली हकीकत लिहून ती पुढचीला रजिस्टर टपालाने धाडायची. नियम तीन: पंधरा दिवसांहून अधिक ठेवायची नाही, कोरी पुढे धाडायची नाही, खोटे लिहायचे नाही. तिसरा नियम माझा.

वही सतरा वर्षे फिरली. एकीला नोकरी हवी झाली की दुसरीने जागा सांगितली, एकीच्या भावाला दुसरीच्या ओळखीचा डॉक्टर मिळाला. १९२९च्या फेब्रुवारीत सुंदराने ती माझ्याकडे धाडली. ती अजून माझ्याकडे आहे.

त्या वर्षी वरिष्ठांशी मतभेद होऊन मी मोठ्या शाळेवरची जागा सोडली आणि येथे आले. कृष्णी त्याच साली कन्याशाळांची इन्स्पेक्ट्रेस झाली. माझ्याजवळ लिहिण्याजोगे काही नव्हते, आणि कोरी धाडायची नाही हा नियम. पहिली दोन वर्षे तिघींची कार्डे आली. मी उत्तर दिले नाही. मग तीही थांबली.

आज ट्रंक उघडली. वहीला कसर नाही, वास नाही. मी म्हटले, "आश्चर्य आहे." रमिला म्हणाली, "मी दर वैशाखात उन्हात घालते ना, बाई."

"वाचलीस का?"

"उन्हात घालते," ती म्हणाली आणि पाणी भरायला गेली. परवानगीवाचून वाचणारी पोर नव्हे ती.

११ एप्रिल

झाली! तिन्ही पत्रे अर्ध्या तासात लिहून टाकली. उगाच दोन दिवस घोळ घातला. मजकूर एकच ठेवला म्हणजे कोणाला कमीजास्त वाटायला नको:

"सप्रेम नमस्कार वि. वि. सोबतच्या नियमपत्रकातील कलम ७ कडे लक्ष वेधण्यात येत आहे. सदरहू मुलगी हुशार, निरोगी व सद्वर्तनी असून तिच्याकरिता पुणे येथील पालकाची सही आवश्यक आहे. तरी आपण स्वतः अथवा आपल्या ओळखीतून सदर व्यवस्था करावी. उलटटपाली उत्तर अपेक्षित. आपली, द्वारका टिपणीस, मुख्याध्यापिका, कन्याशाळा, तळोदा."

जावक क्रमांक १, २, ३ घातले. रमिलाकडून लखोट्यांवर पत्ते लिहून घेतले. तिचे अक्षर माझ्याहून गोल आहे. तिने "पुण्याच्या बाईंचा पत्ता बरोबर आहे ना, घर तेच आहे ना," असे दोनदा विचारले. आज मला फार हलके वाटते आहे. परसात लिंबाला आळे केले.

१५ एप्रिल

पोस्टकार्डांच्या डब्यात नऊ हवी होती, सहा निघाली. मोजताना माझीच चूक झाली असावी. रमिलाच्या बोटांना शाई होती. परीक्षा संपली तरी लिहिण्याचा सराव सोडत नाही, ही चांगली गोष्ट.

१९ एप्रिल

उत्तर नाही. एकीचेही नाही.

शाळेत शिवणकाम शिकवणारी साबिरा आज पेपर तपासण्याच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन बसली. नवरा अन्वर खाटकाच्या गल्लीत शिंपीकाम करतो. ही त्याच्याहून चांगले शिवते आणि त्याच्याहून जास्त बोलते. मी पत्राची नक्कल तिला वाचून दाखवली.

तिने सुई पदराला टोचली. "बाई, ये खत है के समन? मेरे कू आया तो मैं सीधी वकील के घर जाऊँगी."

"त्यात चूक काय आहे? सगळा मजकूर आहे."

"मजकूर तो है. आदमी किधर है?" मग म्हणाली, "नौ बरस के बाद दोस्त कू लिखते, तो पैले पूछते, बाई तू जिंदी है क्या? बाद में काम बोलते."

मी म्हटले, कामाच्या पत्रात काम असावे. ती म्हणाली, "हां हां, तो काम ही आयेगा. जवाब नहीं आयेगा."

मला राग आला. तिच्या वर्गाच्या दोन कात्र्या गंजल्या आहेत हे मी तिला त्याच वेळी सांगितले.

२१ एप्रिल

रूथचे कार्ड! शाळेच्या फाटकातच टपालवाला मगन याने हातात ठेवले. येथे उतरून ठेवते:

"मुख्याध्यापिकाबाईंस सा. न. आपले जावक क्र. १ पावले. त्याखालची सही आमच्या ओळखीच्या एका द्वारकीच्या सहीसारखी दिसते. ती आम्हाला सतरा वर्षे फार रागावत असे. पुढे गप्प झाली. तिच्याजवळ आमची एक लाल वही आहे. आपल्या शाळेत कोठल्या बाकाखाली ती सापडल्यास तिला सांगावे की रूथ अजून त्याच घरात राहते. तिने स्वतः लिहिले तर पालकाच्या सहीचे पाहू. आधी वही. आपली आज्ञाधारक, रूथ साळवे. ता. क. तिचे गुडघे दुखत असतील तर एरंडेल कोमट करून चोळावे."

वाचून कानशिले तापली. मग काय झाले कोण जाणे, मी फाटकाशी उभी राहून हसले. मगन सायकल धरून पाहत राहिला. "बाई, खुशीनी खबर शे का?"

"खबर नाही, खरडपट्टी आहे," मी म्हटले.

"मंग एवढं हसू कसं उनं?"

मी फाटक लावून घेतले. कार्ड साबिराला दाखवले. कात्र्यांचा विषय तिने काढला नाही आणि मीही नाही.

गुडघ्यांचा अंदाज रूथने कसा केला कळत नाही. पन्नाशीत सगळ्या बायकांचे दुखतच असतील.

२३ एप्रिल

"प्रिय रूथ" एवढे लिहून झाले. पुढे काय? "मी खुशाल आहे" लिहिले तर नऊ वर्षांचा हिशेब लागत नाही. तीन कागद फाडले.

२८ एप्रिल

आज बाजाराचा दिवस. रमिलाची आई रूपलीबाई डोंगरातून उतरली होती. घरी त्यांची बोली भिली; माझ्याशी ती अहिराणीत बोलते आणि कोणालाही तूच म्हणते. तिचा नवरा जालमसिंग जंगलखात्याच्या कामावर लांब असतो. घरचे निर्णय हीच करते. अर्जावर आईबापांपैकी एकाचा अंगठा लागतो, म्हणून मी कागद पुढे केला. तिने हात पदराखाली घेतला.

"बाई, मन्ही पोर तू कोन्हा घर धाडी ऱ्हायनी?"

"इस्पितळात. आणि सुटीत माझ्या मैत्रिणीकडे. माझ्या बहिणीसारखी आहे ती."

"कवय भेटनी तुले?"

मी मनात मोजले. "एकोणीस वर्षे झाली."

रूपलीबाईने रमिलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "एकोनीस! मन्हा कुत्रा बी वरीसमा दोन डाव मन्ही बहिनना घर जाई येस."

रमिला तोंडावर हात धरून आत पळाली. मी वहीची गोष्ट समजावून सांगितली. चौघी, रजिस्टर टपाल, पंधरा दिवस.

"मंग वही कोठे शे?"

"माझ्या ट्रंकेत."

"किती दिन?"

खोटे बोलायचे नाही हा माझाच नियम. मी सांगितले. ती हसली नाही, हे जास्त लागले. म्हणाली, "तुन्हा घर मन्ही पोर सहा वरीस ऱ्हायनी. तुन्हावर मन्हा भरवसा शे. पन ती बाई तुन्ही शे का नही, हाई तुलेच ठाऊक नही." मग गाठोड्यातून चारोळीचे पुडके काढून टेबलावर ठेवले. "आमनाकडे पोर ज्या घर जाई, त्या घरनं मीठ आम्ही पहिले जिभले लावतंस. हाई तिले धाड. ती काय धाडस ते दखू. मंग अंगठा."

मी म्हटले, "रूपलीबाई, ३१ मेला मुदत संपते."

"मंग लवकर धाड ना!"

एवढे बोलून ती बांगड्या बघायला गेली. रागवावे असे मनात होते, पण कोणावर? अडाणी बाईने अर्ध्या घटकेत माझी तपासणी केली आणि शेरा मारला. शेरा बरोबर आहे.

३ मे

कृष्णीचे पत्र आले, नाशिकहून. सहा पाने. इन्स्पेक्शनच्या गमती, मुलाचे लग्न, दाताची कवळी. जावक क्रमांकावरून तिनेही टोमणा मारलाच आहे. चौथ्या पानावर हे:

"सुंदराला लिहिलेले तुझे जा. क्र. ३ तिच्या भावाने माझ्याकडे धाडले. तुला कळले नसणार, कोण कळवणार? सुंदरा चौतीस सालच्या पावसाळ्यात गेली. विषमज्वर. शेवटच्या आठवड्यात विचारीत होती, द्वारकीने वही धाडली का."

लाल वही काढली. सुंदराचे शेवटचे पान मी नऊ वर्षांपूर्वी वाचले होते, पण वाचले नव्हते. "आता पाळी द्वारकीची. बाई, लवकर लिही. तुझ्या रागावण्यावाचून वही अळणी लागते."

माणूस जिवंत आहे का ते आधी विचारावे. साबिरा बरोबर होती. मी एका मेलेल्या मैत्रिणीला उलटटपाली उत्तर मागितले.

आज दुसरे काही नाही.

४ मे

रूथला चार ताव लिहिले. नक्कल ठेवली नाही. नक्कल ठेवण्याजोगे ते नव्हते. वही धाडते असे कबूल केले, पण माझी पाने लिहिल्याखेरीज नाही, आणि त्याला थोडे दिवस दे, असे लिहिले. रूपलीबाईची अट जशीच्या तशी लिहिली. कुत्र्यासकट. चारोळीचे पुडके साबिराने मांजरपाटात शिवून दिले, वर लाख लावली. मगनने ते हातात तोलून विचारले, "आते हाई काय, बाई?"

"मीठ चाखायला धाडले आहे."

"मीठ?" त्याने वास घेतला. "हाई तं चारोळी शे."

"तुला नाही कळायचे," मी म्हटले. आणि हे वाक्य मला गेल्या पंधरवड्यात तीन बायकांनी सांगायला हवे होते, असे वाटून गेले.

९ मे

वहीत लिहायला बसले. "वरिष्ठांशी मतभेद होऊन" एवढे लिहिले आणि टाक खाली ठेवला. सुंदराच्या पानासमोरचे पान. तिथे हे वाक्य बसेना.

येथे लिहून पाहते. ही रोजनिशी कोणी वाचणार नाही.

मतभेद झाला नव्हता. वार्षिक परीक्षेचे गुण तपासताना एका हाताखालच्या बाईने सहा मुलींचे गुण वाढवले असे मला आढळले. मी लेखी तक्रार केली, सगळ्या शिक्षिकांसमोर तिला उभे करून वाचून दाखवली. ती रडली, नाही म्हणाली. आठ दिवसांनी मी तोच कागद पुन्हा तपासला. बेरीज माझी चुकली होती. तिची नव्हती.

मी ते कोणाला सांगितले नाही. वरिष्ठ म्हणाले, प्रकरण मिटवू, तुम्ही दोन शब्द बोला. दोन शब्द म्हणजे माफी. मी राजीनामा दिला. तत्त्वासाठी दिला, असे लोकांना वाटले. मी वाटू दिले. त्या बाईंची बदली झाली; त्यांचे नाव मला रोज आठवते.

म्हणजे वही कोरी धाडता येत नाही म्हणून अडली नव्हती. खोटे लिहायचे नाही म्हणून अडली होती.

वाटले होते, लिहून झाल्यावर जड वाटेल. उलट भूक लागली. रमिलाने भाकरी वाढताना विचारले, "बाई, आज बरे वाटते का?" मी म्हटले, भाकरी जाड झाली आहे.

१२ मे

सुचले! सकाळी दात घासताना सुचले. लाल वहीत वेगळे काही लिहायचेच नाही. रोजनिशीची हीच पाने काढून तीत शिवायची. यातल्या काही ओळी कृष्णीला बोचतील, रूथला हसू येईल, पण कोरे नाही आणि खोटे नाही. एकदम दोन नियम पाळले जातात. पंधरा दिवसांचा मोडला तो मोडला.

साबिराला विचारले, कागद शिवता येतो का. म्हणाली, "कपडा शिवते, चमडा शिवते, बच्चों का मुंह भी शिवते. कागज क्या चीज है?"

२० मे

पार्सल! मगन फाटकातून ओरडतच आला. "बाई, तुन्ही ती पुनानी बहिन! मन्ही अख्खी थैली लोनचानी करी टाकी!"

खरोखर. पत्र्याच्या डब्याचे झाकण सैल, कापडातून तेल गळलेले, तहसिलीच्या दोन लखोट्यांवर पिवळे डाग. रूथने लिंबाचे लोणचे धाडले आहे. मगन पुढे म्हणाला, "सात वरीसमा तुन्हा घर सरकारी लखोटासिवाय काही उनं नही. आते रोजनं काही ना काही. तुन्हं चाली काय ऱ्हायनं?"

"टपाल चालले आहे," मी म्हटले. "त्यासाठीच तुला नेमला आहे." आणि त्याला डब्यातली एक फोड दिली. ती खाऊन तो बोटे चाटत गेला.

डब्याखाली मेणकापडात पालकाचा फॉर्म. रूथची सही, तारीख, घरचा पत्ता, सगळे बिनचूक. बरोबर चिठ्ठी:

"चारोळी पावली. खीर केली, दोघा शेजाऱ्यांना वाटली, सातपुड्याहून आली म्हणून सांगितले. लोणचे माझ्या हातचे. मुलीच्या आईला म्हणावे, कुत्रा माझ्याकडेही धाडा. सही आधीच केली, कारण मुलीचा दोष नाही. पण वही मुलीच्या हाती आली नाही तर मी तिला दारातून परत धाडीन (नाही धाडणार). कृष्णीने तुझ्यासाठी काय काय हलवले ते तीच लिहील. साबिराबींना सलाम. एरंडेल लावतेस ना? नुसते फडताळात ठेवून गुण येत नाही."

फडताळातच ठेवले आहे! रूथ कॉलेजातही अशीच होती, माणसाचा स्वभाव अचूक ओळखायची. साबिराचे नाव मी त्या चार तावांत लिहिले असणार. आठवत नाही, पण नक्कल ठेवली नाही की असे होते.

२२ मे

कृष्णीचे कार्ड. तिची जुनी विद्यार्थिनी रंजनाबाई नंदुरबारला दिली आहे; जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माहेरी पुण्याला जायची आहे, रमिलाला बरोबर नेईल. शिवाय त्या इस्पितळात सुइणींना शिकवणाऱ्या बाई कृष्णीच्या आतेबहिणीच्या शेजारी राहतात. त्यांच्या कानावर घातले आहे. शिवाय मला विचारते, नाशिक भागात डोंगरी मुलींसाठी वसतिगृह काढायचे आहे, तू सहा वर्षे घरात कसे चालवलेस ते लिहून धाड, वाटेल तितके लांब.

मी केलेले कोणाला उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. आजच सात पाने लिहिली!

२४ मे

निकाल. रमिला उत्तीर्ण, गणितात पहिली. तिला म्हटले, "ठीक आहे." ती हसून म्हणाली, "बाई, तुमचा चष्मा उलटा आहे."

२६ मे

बाजार. रूपलीबाई आली. सोबत दोन बायका आणि म्हातारी आई, चौघी व्हरांड्यात ओळीने बसल्या. मी डबा आणून ठेवला. मुदतीला पाच दिवस उरलेले. टपालाला तीन लागतात. मला इतक्या धडधडीने कोणत्याही इन्स्पेक्टरसमोर बसल्याचे आठवत नाही.

रूपलीबाईने बोट बुडवून जिभेला लावले. डोळे मिटले. मग म्हातारीने, मग त्या दोघींनी. त्यांच्या बोलीत बराच वेळ काही बोलणे झाले. रमिला खांबाला टेकून उभी होती.

"खारट शे," रूपलीबाई म्हणाली.

मी तोंड उघडले. मला म्हणायचे होते की पुण्याकडे असेच असते, वाटेत तेल गळले म्हणून मीठ वर आले. पण तिने हात वर केला.

"पहिले आयक. खारट शे, म्हंजे ती मीठ मोजीसन टाकत नही. हात सैल शे तिन्हा." तिने बोट पुन्हा बुडवले. "असी बाई पोरले अर्धपोटी ठेवाव नही. आन कागद."

अंगठा उमटला. तेलकट उमटला, पण उमटला. म्हातारी काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या. मी रमिलाला विचारले, काय? "आजी म्हणते, मास्तरीणबाईचे मीठ आम्ही कधी चाखले नाही. तरी सहा वर्षे पोर ठेवली."

जेवूनच जा, असे मी म्हटले. नऊ वर्षांत माझ्या घरी एकाच पंगतीला सहा माणसे बसली नव्हती. ताटे कमी पडली. साबिराच्या घरून आणली. रूपलीबाई जाताना पायरीवर थांबली. "आते तिले काय धाडशी तू?"

"वही," मी म्हटले. "आणि पोर."

२७ मे

अर्ज रजिस्टर केला. मगनने तो थैलीत सर्वांत वर ठेवला. खाली लोणचे नाही ना, हे मी पाहून घेतले.

४ जून

रमिलाला जागा मिळाली! कार्ड वाचताना माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या घरातून दगाशेठ, सोनार, फुंकणी हातात घेऊनच बाहेर आले. "काय व्हयनं, बाई? चोर शिरना का?" मी म्हटले, "चोर नाही, सुईण झाली." "कोनले?" असे ते विचारू लागले तेव्हा नीट सांगितले. मग त्यांनीच गल्लीभर गूळ वाटला.

आज त्या दुसऱ्या बाईंनाही पत्र लिहिले, ज्यांची बेरीज बरोबर होती. पत्ता कृष्णीने शोधून दिला. जावक क्रमांक घातला नाही. आरंभी विचारले, आपण कशा आहात?

१० जून

रमिलाची ट्रंक भरली. तिला शिस्तीचे चार नियम सांगितले. सहा सांगायचे होते. तिने माझे एरंडेल फडताळातून काढून खाटेशेजारी आणून ठेवले आणि म्हणाली, "आता मी सांगायला नसेन."

साबिराने आज पाने शिवली. दोन पदरी दोरा, मेण लावून. शिवण मोजून पाहिली, एकही टाका वाकडा नाही. तसे तिला सांगितले. ती म्हणाली, "बाई, ये भी लिख लेव, नहीं तो कल बोलेगी कैंची गंजी है." लिहिले.

नंदुरबार स्टेशन, १२ जून १९३८

हे शेवटचे पान सुटे आहे. सकाळच्या मोटारीने तापी ओलांडून आलो. रूपलीबाई फलाटावर नातेवाइकांसह बसली आहे. रंजनाबाई वेळेवर आल्या, हे त्यांच्या बाजूने लिहिते. गाडीला घंटा झाली आहे, तेव्हा थोडक्यात.

आज रोजी रंजनाबाई यांच्या हवाली केले ते असे:

रमिला जालमसिंग, वय सतरा, सातवी उत्तीर्ण, प्रकृती उत्तम. न विचारता मत देते. ते बहुधा बरोबर असते.

ट्रंक एक. गोधडी एक, साबिराने शिवलेली.

चारोळीचे पुडके एक, आईकडून. मोहाचे लाडू, आजीकडून. लोणच्याचा डबा, धुऊन, मीठ भरून. ते मीठ माझ्या घरचे.

कोरी पोस्टकार्डे बारा. सगळ्यांवर माझा पत्ता रमिलाने घरूनच लिहून आणला आहे. मी विचारले, इतकी घाई काय होती. म्हणाली, "सवय आहे, बाई."

लाल वही एक. सुंदराच्या पानासमोर माझी पाने शिवलेली. हे पान मात्र शिवायचे राहिले. रूथ, ते तू शीव.

मिळाले. सही: रंजनाबाई.

रूथ, पाळी तुझी. पंधरा दिवस आजपासून मोजावेत.